लीलाम्माला पाठवू नका

रोक्काफोस्का, ७ जानेवारी १९७३

प्रिय ब्रिजितचेच्ची,

प्रभूच्या कृपेने मी इथे सुखात आहे. आमच्या मदर फार मायाळू आहेत. नाताळात आम्हाला संत्री आणि बदामाची मिठाई मिळाली. बाहेर बर्फ पडलंय. अंगणभर खोवलेलं खोबरं सांडल्यासारखं दिसतं. इथल्या म्हाताऱ्यांची सेवा करताना दिवस कसा सरतो ते कळत नाही.

मदरनी एक आनंदाची बातमी सांगितली. आपली धाकटी लीलाम्मा ऑक्टोबरात इथे येणार! आपल्या गावच्या फादरनी तिचं नाव दिलंय म्हणे. तिला सांग, मुळीच घाबरू नकोस, इथे तुला दुसरी आई मिळेल. माझी शेवटची व्रतं ऑगस्टात आहेत. मग मी कायमची प्रभूची.

अम्मच्चीला आणि औसेप इच्चायनला माझा नमस्कार. तू पुष्कळ दिवसांत लिहिलं नाहीस, तरी धाकट्या बहिणीच्या प्रार्थनेत तू रोज असतेस.

तुझी,
सिस्टर कोंसोलाता


रोक्काफोस्का, १२ जानेवारी

चेच्ची,

गेल्या आठवड्यातलं पत्र माझ्या हातचं आहे, पण माझं नाही. फाडू नकोस, आधी हे वाच.

इथून जाणारं प्रत्येक पत्र मदरसमोर वाचलं जातं. त्यांना मल्याळम येत नाही, म्हणून सिस्टर बेनिन्या ते इटालियनमध्ये करून सांगते. बेनिन्या म्हणजे चंगनाशेरीची त्रेस्याम्मा. या मठात मल्याळी आम्ही दोघीच. ती उभी राहून वाचते आणि मदर माझ्या तोंडाकडे बघत ऐकतात. कुठे मान हलली, कुठे डोळे भरले, सगळं टिपतात. ‘दुसरी आई मिळेल’ हे वाक्य मदरचं. त्यांनी सांगितलं, बेनिन्याने मल्याळममध्ये केलं, मी उतरवलं. म्हणजे आपल्याच बहिणीला मी दुसऱ्याच्या तोंडाने बोलावलं.

चाच्चन गेल्यावरचं पत्रही तसलंच होतं. चेच्ची, वडील गेल्याची तार माझ्या हातात ईस्टर झाल्यावर पडली. तोपर्यंत ती मदरच्या टेबलाच्या खणात होती. उपवासाच्या दिवसांत मन चळायला नको म्हणून. ज्या दिवशी तुम्ही त्यांना मातीत ठेवलंत, त्या दिवशी मी इथे चादरी पिळत होते आणि बेनिन्याशी कशावरून तरी हसत होते. मग मला बसवून लिहून घेतलं, ‘प्रभूने त्यांना बोलावलं, मला येण्याची गरज वाटत नाही.’ त्यावर तू लिहिलंस, ‘तिथल्या थंडीत तुझं काळीजही गोठलंय,’ आणि नंतर तू लिहिणंच सोडलंस. तुझी चूक नाही. ते पत्र मला आलं असतं तर मीही तेच केलं असतं.

आता हे पत्र कुठून लिहितेय ते सांगते. कपडे धुण्याचं तळघर आहे, तिथे. दुपारी जेवण झालं की इथे सगळं गाव झोपतं, मदरसुद्धा. मी वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उलट्या बादलीवर बसलेय. हे टपालात टाकणार आहे इथल्या म्हाताऱ्यांतली नुन्झियाता आजी. ती स्वतः पलंगावरून उठू शकत नाही, पण तिची भाची इर्मा गावातल्या शाळेत मास्तरीण आहे. दर रविवारी बिस्किटांचा डबा घेऊन येते आणि रिकामा डबा घेऊन जाते. डबा या वेळी रिकामा जाणार नाही.

मी आजीला काही सांगितलं नव्हतं. तिनेच एकदा तिला अंघोळ घालताना विचारलं, “पोरी, घरी काय लिहितेस?”

म्हटलं, “मजेत आहे असं.”

“माझे दोन्ही पोरगे बोटीत बसून अर्जेंटिनाला गेले. तेही असंच लिहायचे. आई, मजेत आहे, आई, मजेत आहे. अगं, मजेत असलेल्या माणसाला लिहायला सवड कुठली?” आणि मग हळूच, “खरं लिहायचं असेल तर माझ्याकडे दे.”

तर खरं हे, की नर्सिंगच्या शाळेचं दारसुद्धा मी अजून पाहिलेलं नाही. आपल्या ओसरीवर चहा पिता पिता फादर म्हणाले होते ना, ‘पोर नर्स होईल, युरोपात शिकेल’? इथे मी म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढते आणि चादरी धुते. कामाची मला लाज नाही, चाच्चनचं मी केलंच असतं. पण शिकायचं कधी, असं विचारलं की म्हणतात, “आधी नम्रता शिक.” माझा पासपोर्ट मदरच्या कपाटात आहे. फाटकाबाहेर आम्ही मृतांच्या सणाला दफनभूमीत जातो, तेही रांगेने.

हे सगळं मी सोसलं असतं. बोलले नसते. पण आता लीलाम्मा. चेच्ची, तिला पाठवू नका. काहीही कर, आजारी आहे म्हण, टायफॉइड झाला म्हण, पण पाठवू नका. आपला भाऊ असला तरी इच्चायनला मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस. उत्तर इर्माच्या पत्त्यावर टाक, पत्ता खाली दिलाय.

तुझी,
एलिक्कुट्टी


रोक्काफोस्का, २५ मार्च

चेच्ची,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं तुझं अक्षर पाहूनच मी खाली बसले. आत काय आहे ते नंतर वाचलं.

तू विचारतेस, “आधीचं पत्र खोटं मानू की आताचं? एलिक्कुट्टी, मी तुझ्या कुठल्या तोंडावर विश्वास ठेवू?” विचार. तो तुझा हक्क आहे. माझ्याजवळ पुरावा नाही. एवढंच सांगते, लहानपणी ओढ्यात तुझी चांदीची साखळी हरवली तेव्हा तू अम्मच्चीला सांगितलंस, कावळ्याने नेली. मला खरं माहीत होतं. मी आजवर कुणाला बोलले नाही. हे मदरला कुठून ठाऊक असणार? तेव्हा हे पत्र माझंच.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. माझं जानेवारीचं पत्र फादरनी देवळात रविवारच्या मिस्सानंतर सगळ्यांना वाचून दाखवलं. आणि खोवलेल्या खोबऱ्याचं ऐकून बायका हसल्या. आणि तीन घरांनी आपापल्या मुलींची नावं दिली. आणि लीलाम्माने दोन नवे झगे शिवून घेतले. चेच्ची, ते खोबऱ्याचं तेवढं माझं स्वतःचं होतं. बाकी सगळं त्यांचं. पण गोड लागलं ते माझंच.

इच्चायन काय म्हणेल हे तू लिहिलंस, तेही खरंच असणार. “एलिक्कुट्टी मठ सोडून आली तर लीलाम्माला पत्करणार कोण? मठाच्या भिंतीवरून उडी मारलेलीची बहीण, असं म्हणतील.” म्हणतील ना. तेक्केलच्या मरियक्कुट्टीला म्हणतच होते. ती मठातून परत आल्यावर विहिरीवर बायका तिला पाहून पदर सावरायच्या, जशी काही ती पुरुषच होती. म्हणजे मी आले तर लीलाम्माचं लग्न होणार नाही, आणि मी इथे गोडीत राहिले तर लीलाम्माही इथेच येणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. त्यातल्या आडात मी आधीच आहे.

तरी मी धीर केला. मागच्या शुक्रवारी मदरच्या खोलीत गेले आणि म्हटलं, “शेवटची व्रतं घेण्याआधी मला एकदा घरी जाऊन यायचंय.”

त्या काही रागावल्या नाहीत. लेखणी खाली ठेवली. “घरी कोण आहे तुझं?”

“आई आहे. भाऊ, बहिणी.”

“वडील नाहीत. म्हणजे भावाचं घर. भावाच्या घरात तू काय होशील?” मग म्हणाल्या, “बस इथे. मला माझ्या भावांनी चौदाव्या वर्षी या फाटकात आणून सोडलं. जमीन तिघांत वाटायची होती, त्यात चौथं तोंड नको होतं. मला कुणी विचारलं होतं का? मी खूप रडले. मग एक दिवस रडू आलं नाही. तुझाही तो दिवस येईल. व्रतं घेतलीस की येईल.”

“आणि नाही आला तर?”

“माझा आला ना!”

असं म्हणून त्यांनी माझ्या सुजलेल्या बोटांना स्वतःच्या हाताने मलम लावलं. चेच्ची, त्या दुष्ट असत्या तर सोपं होतं. कुलूप लावलेलं दार माणूस धक्के मारून पाहतो. मायेने लोटलेल्या दाराला धक्का कसा मारायचा? बाहेर निघताना मी “पासपोर्ट?” म्हटलं, तर म्हणाल्या, “तो सुरक्षित आहे. तुझ्यासारखाच.”

आता त्या इच्चायनला लिहिणार आहेत. तू त्याच्या आधी अम्मच्चीजवळ विषय काढ. अंगणात नको, माहेरी जाशील तेव्हा नदीवर कपडे धुताना.

एलिक्कुट्टी


रोक्काफोस्का, २० मे

चेच्ची,

इच्चायनचं उत्तर आलं. मदरच्या नावाने आणि माझ्या नावाने, एकाच पाकिटात. बेनिन्याने माझं पत्र माझ्यासमोर मोठ्याने वाचलं, आधी मल्याळममध्ये, मग मदरसाठी इटालियनमध्ये.

त्याने लिहिलंय, “तू या घरातून देवाला दिलेली आहेस. दिलेली वस्तू परत घेणारी माणसं आम्ही नाही. तुझ्यासाठी इथे चटई टाकायलाही जागा नाही, आणि तुझ्या पायी लीलाम्माची जागा गेली तर त्याचं पाप मी तुझ्या पदरात टाकीन.” चेच्ची, हा आपला औसेप. मला तापात खांद्यावर टाकून पाला गावातल्या दवाखान्यापर्यंत चालत नेणारा. चाच्चनच्या पश्चात सगळं घर त्याच्या एकट्याच्या मानेवर आलं, हे मला कळतं. पण कळतं म्हणून दुखायचं थांबत नाही.

बेनिन्याने मदरला मात्र त्याचं इटालियन वेगळंच ऐकवलं. म्हणाली, “भाऊ लिहितो, आम्हाला तुझी फार आठवण येते, पण देवाच्या कामात आम्ही आड येणार नाही.” मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने कागदावरून डोळे वर केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळघरात होते आणि ती अचानक चादर बाजूला सारून आत आली.

“हातांना शाई लागलीय तुझ्या,” ती म्हणाली. “आज पत्रं लिहायचा वार नाही.”

मी हात झग्याला पुसले. कागद मांडीखाली होता.

“काढू नकोस. मला बघायचा नाही. बिस्किटांच्या डब्याचं मला जानेवारीपासून ठाऊक आहे.”

“मग मदरना सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? एकीला आपल्या बहिणीशी बोलावंसं वाटतं, हे?” ती बादली पालथी करून माझ्याशेजारी बसली. “काल तुझ्या भावाचं वाचताना मला माझ्या भावाचाच आवाज ऐकू आला. असं पत्र मलाही आलं होतं. ते मी एकटीनेच वाचलं. तेव्हा इथे दुसरं कुणी मल्याळी नव्हतं.”

“मग तू व्रतं घेतलीस.”

“घेतली. घेतल्यावर महिनाभराने शहरातले एक फादर आमची कबुली ऐकायला आले होते. ते म्हणाले, तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली आणि पुढची घेतली नाहीत, तर बाई मोकळी असते. कुणाची परवानगी लागत नाही. मी म्हटलं, फादर, हे महिनाभर आधी सांगायचं होतं.” ती हसली, पण तसलं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. “तुझी मुदत जुलैअखेर संपते, एलिक्कुट्टी.”

“त्रेस्याम्मा, हे तू मला आत्ता सांगतेस?”

“नाही सांगणार होते. खरं सांगू? मला लीलाम्मा यायला हवी होती. तुझ्याकडून तिचं ऐकून ऐकून ती मला आवडायला लागली होती. आणखी एक जण आपल्या भाषेत बोलेल, भांडेल, म्हणेल की आज उकडलेला कप्पा आणि मासळीचं कालवण पाहिजे. तू गेलीस तर मी कुणाशी बोलू? या चादरींशी?”

मी म्हटलं, “तूही चल.”

“कुठे?”

वरून चादरींचं पाणी ठिबकत होतं. मग ती उठली, पदराने (इथे पदर नसतो, पण तिने हात तसाच नेला) डोळे पुसले आणि म्हणाली, “लिही. मी जिन्यात उभी राहते.”

तर हे पत्र तिच्या पहाऱ्यात लिहिलंय. तू म्हणतेस, लीलाम्माचा पासपोर्ट तयार झाला. आता आजारपणाचं सोंग चालायचं नाही. मला दुसरं काहीतरी करावं लागेल. काय, ते अजून सुचत नाही. झोपले की वाटतं, ती फाटकातून आत येतेय, नवा झगा घालून, आणि मी तिला आत घेतेय.

एलिक्कुट्टी


रोक्काफोस्का, १८ ऑगस्ट

चेच्ची,

हे पत्र मी टेबलाशी बसून लिहितेय. खिडकी उघडी आहे. घर इर्माचं आहे.

काय झालं ते सरळ सांगते, कारण तुमच्याकडे ते वाकडं होऊन पोहोचेल.

जुलै संपताच मी पुन्हा मदरच्या खोलीत गेले. म्हटलं, “माझी मुदत संपली, मला पुढची व्रतं घ्यायची नाहीत.” त्या म्हणाल्या, “वेदीसमोर गेलीस की बळ येईल.” बिशपना निमंत्रण गेलंय, मेणबत्त्या आल्यात, गाव जेवायला येणार आहे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्या खोलीत माझा आवाज कपाटापलीकडे जातच नाही. तिथे मी कितीही बोलले तरी ते फक्त त्यांनाच ऐकू येणार, आणि त्यांना ते ऐकायचं नाही. म्हणून मी गप्प बसले. मान खाली घालून सराव केला, पांढरा झगा बेतून घेतला. मदर बेनिन्याला म्हणाल्या, “बघ, शांत झाली की नाही!”

पंधरा ऑगस्टला, पवित्र मातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी देऊळ माणसांनी फुलून गेलं होतं. म्हाताऱ्यांना चाकांच्या खुर्च्यांत बसवून पुढे आणलं होतं. मी बिशपसमोर गुडघे टेकले. पाय असे लटपटत होते की झग्याला लावलेल्या टाचण्या बोचत होत्या. खरं सांगते, तोपर्यंत माझंही नक्की नव्हतं. वाटत होतं, घेऊन टाकावीत व्रतं, मग कुणी काही विचारणार तरी नाही.

या विधीत बिशप एक प्रश्न विचारतात. “मुली, तू देवाकडे आणि त्याच्या मंडळीकडे काय मागतेस?” उत्तर ठरलेलं असतं. मी पंधरा दिवस ते घोकलं होतं.

त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, “माझा पासपोर्ट.”

बिशप म्हातारे, ऐकायला कमी. पुढे वाकून म्हणाले, “काय?”

माझा आवाज तेवढ्यातच संपला होता. दुसऱ्यांदा निघेना. ओठ हलले, बाहेर काही आलं नाही. आणि पुढच्या रांगेतून नुन्झियाता आजी ओरडली, “पासपोर्ट मागतेय ती, महाराज! पा-स-पोर्ट! कपाटात ठेवलाय तिचा!”

कुणीतरी हसलं. मग एकदम चिडीचूप. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईला वाटलं, झालं वाटतं, म्हणून तिने सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मी मागे वळून पाहिलं. मदर उभ्या होत्या, चेहरा भिंतीसारखा. बेनिन्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ती रडतेय की हसतेय ते कळलं नाही.

मला आवाज सापडला. मी म्हटलं, “मला व्रतं घ्यायची नाहीत. मी हे आधीही सांगितलं होतं. आणि माझ्या बहिणीला इथे बोलावलंय, तिलाही बोलावू नका.”

बिशप फार चिडले. “ही जागा आहे का असल्या गोष्टींची?” म्हणाले. पण मग मला उठवून आतल्या खोलीत नेलं आणि मदरना बोलावलं. मी खरंच आधी सांगितलं होतं का, हे विचारलं. मदर खोटं बोलल्या नाहीत. “हो,” म्हणाल्या. मग बिशप बराच वेळ नाक पुसत राहिले आणि म्हणाले, “द्या तिचं तिला.”

मदरनी तो आणला. स्वच्छ रुमालात बांधलेला होता. माझ्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, “आता तुझ्या भावाला मी काय लिहू?”

“तुम्ही नका लिहू. मी लिहीन.”

“कुठे जाणार?”

हे मात्र मला त्या क्षणीही माहीत नव्हतं. दारात इर्मा उभी होती. ती म्हणाली, “माझ्याकडे.” तिने मला तिचा निळा फ्रॉक दिला. आरशात पाहिलं तर एक कापलेल्या केसांची काळी बाई उभी होती. इतक्या वर्षांत मी स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलंच नव्हतं. मी फार बारीक झालेय, चेच्ची.

पाववाली बाई आता माझ्याशी बोलत नाही. रस्त्याने गेले की मुलं मागून येतात. इर्मालाही बाजारात कुणीतरी चार शब्द ऐकवले. ती म्हणते, “चार आठवडे बोलतील, मग एखादी लग्नाआधी गरोदर राहील आणि तुला विसरतील.”

बेनिन्याची भेट नाही. काल आजीला भेटायला गेले तर फाटकातूनच परत पाठवलं.

आता तुमच्याकडे काय होईल ते मला कळव. वाईट असलं तरी कळव.

एलिक्कुट्टी


पोतेंझा, ४ नोव्हेंबर

चेच्ची,

तुझं जाड पाकीट मिळालं. इतक्या दिवसांनी आलं की मी आशा सोडली होती.

फादरनी यंदा कुणालाच पाठवायचं नाही असं सांगितलं, हे वाचून मी खोलीत एकटीच नाचले. मग पुढचं वाचलं. इच्चायन गावात सांगतो, “आम्हाला दोनच बहिणी. मधली वारली.” मृतांसाठीची मिस्साही सांगितली म्हणतेस माझ्या नावाने. अम्मच्ची त्या मिस्साला गेली नाही, पोटात दुखतंय म्हणून घरात राहिली. तिने बाकी काहीच म्हटलं नाही ना? एक शब्दही? बरं. तिच्या पोटात दुखत होतं, एवढं मला पुरेल. पुरवून घेईन.

तुझ्या सासूने तुला माहेरी जायला बंदी केली, तेही माझ्यामुळे. हे तू शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलंस, जशी काही मला दिसणारच नाही.

मी इथे शहरातल्या इस्पितळात लागलेय. नर्स नाही, मदतनीस. भांडी उचलते, रोग्यांना कुशीवर वळवते. काम तेच. पोलिसांकडून राहायची परवानगी थोड्या थोड्या महिन्यांची मिळते. संपली की पुन्हा रांग, पुन्हा तोच प्रश्न, “इथे कशासाठी राहता?” मायदेशी जायचं तर तिथे मी वारलेली. रविवारी बसने इर्माकडे जाते. बाहेर पडले खरी, चेच्ची, पण बाहेर म्हणजे नक्की कुठे ते अजून सापडायचंय.

आणि पाकिटात लीलाम्माची चिठ्ठी होती. तिने स्वतः लिहिलेली, घड्या घालून घालून एवढीशी केलेली. मला वाटलं, माझे आभार मानले असतील.

तिने लिहिलंय, “तू विमानात बसलीस, बर्फ पाहिलंस, शहरात राहतेस, आणि जाताना दार ओढून घेतलंस. आता इच्चायन मला कांजिरप्पळ्ळीच्या एका रबरवाल्याला देतोय. त्याचे दात पुढे आहेत आणि त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली. घाईत उरकतायत, तुझी बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या आत. तुला वाटतं तू मला वाचवलंस. मला कुणी विचारलं होतं?”

मी ती चिठ्ठी घेऊन इस्पितळाच्या जिन्यावर बसले. आधी संताप आला, की या पोरीला काय ठाऊक, चादरी म्हणजे काय, ईस्टरपर्यंत खणात पडलेली तार म्हणजे काय! मग दुसऱ्यांदा वाचली. मग तिसऱ्यांदा. ती सतरा वर्षांची आहे आणि तिला जायचं होतं. कुठेही. मलाही तेवढंच हवं होतं. मलाही तेव्हा कुणी खरं सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की नाही, देव जाणे.

चेच्ची, आता यापुढचं तू वाचू नकोस. कागद खाली दुमडून देवळात तिच्या हातात दे, इच्चायनच्या नजरेआड.

लीलाम्मा,

तुझी चिठ्ठी पोहोचली. तू म्हणतेस ते निम्मं खरं आहे. मी तुझं नाव घेतलं तेव्हा तुला विचारलं नव्हतं. त्या फाटकात तुला येऊ दिलं नाही याबद्दल मी माफी मागणार नाही. पण तुझ्यासाठी दुसरं दार कुठलं, हे मला माहीत नव्हतं आणि आजही नाही, हेही खरं.

रबरवाल्याला नाही म्हणायचं असेल तर साखरपुड्याच्या आत म्हण, आणि चार माणसांसमोर म्हण. खोलीत एकट्या इच्चायनला सांगून उपयोग नाही. पाय लटपटतील. लटपटू देत. आवाज दुसऱ्यांदा निघाला नाही तर ब्रिजितचेच्चीला शेजारी बसव, तिला ओरडता येतं. सासूची बंदी असली तरी त्या दिवशी ती येईल. मी तिला ओळखते.

आणि हो म्हणायचं असेल तर हो म्हण. दात पुढे असणं हा काही गुन्हा नाही. पण तूच म्हण.

तुझा पासपोर्ट झालाय. तो इच्चायनच्या ट्रंकेत असेल. आधी तो काढून घे आणि पोलक्यात ठेव. लग्न करणार असलीस तरी काढून घे.

मी तुला इकडे बोलावत नाही. येऊ नकोस असंही म्हणत नाही. इथे थंडी आहे, भात पांचट असतो, लोक रंगाकडे बघतात आणि मला रात्री आपली नदी ऐकू येत नाही. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, पण ते कुणी लिहू दिलं नसतं.

माझा पत्ता पाठीमागे आहे. राग असेल तर राग लिही. शिव्या येत असतील तर शिव्या लिही, मल्याळममध्ये, पोटभर. इथे मला शिव्या देणारंसुद्धा कुणी नाही.

एलिक्कुट्टी